पालाशाचा दाणा: सस्कॅचेवानच्या खाणीतून शेतकऱ्याच्या गोणीपर्यंत

परदेशात घर घेतलं की लॉन मागे लागतं आणि लॉनपाठोपाठ खताची पिशवी घरात येते. पिशवीवर तीन आकडे असतात: १०-१०-१०, २४-०-१० असे काहीतरी. पहिला नत्राचा म्हणजे नायट्रोजनचा, दुसरा स्फुरदाचा म्हणजे फॉस्फरसचा आणि तिसरा पालाशाचा म्हणजे पोटॅशियमचा. गावाकडच्या कृषी सेवा केंद्रात याच तिसऱ्या खताला सगळे 'पोटॅश' म्हणतात.

पहिल्या आकड्याबद्दल आपण बरंच वाचलेलं असतं. हवेत नत्र भरपूर आहे. नैसर्गिक वायू आणि कारखाना असला की कोणताही देश युरिया बनवू शकतो. पालाशाचं तसं नाही. तो कारखान्यात 'तयार' करता येत नाही, जमिनीतून किंवा खाऱ्या पाण्यातून काढावाच लागतो. शिवाय काढण्याजोगे साठे जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. कॅनडा, रशिया आणि बेलारूस हे तीन देश मिळून जगातलं सुमारे दोन तृतीयांश उत्पादन करतात. भारतात आज एकही चालू खाण नाही. म्हणून सस्कॅचेवानमध्ये जमिनीखाली एक किलोमीटरवर काय घडतं याचा संबंध जळगावच्या केळीशी आणि कोल्हापूरच्या उसाशी थेट येतो.

राखेपासून सुरुवात

'पोटॅश' या शब्दातच त्याची जुनी कृती आहे. लाकडाची राख पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळायचं आणि लोखंडी भांड्यात आटवायचं. तळाशी जो पांढरट खार उरे ती 'भांड्यातली राख', म्हणजे 'पॉट अ‍ॅश'. साबण आणि काच बनवायला हा खार लागे. अमेरिकेचं पहिलं पेटंट ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युअल हॉपकिन्स यांना दिलं गेलं, ते हा खार बनवण्याच्या सुधारित पद्धतीसाठी. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. पुढे १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून एक नवा धातू वेगळा केला आणि खारावरूनच त्याला पोटॅशियम हे नाव दिलं.

राखेने पीक चांगलं येतं हे मात्र शेतकऱ्याला कोणाही रसायनशास्त्रज्ञाच्या आधीपासून ठाऊक होतं. कोकणात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्या 'राबा'ची राख रोपांना जे काही देते त्यात पालाश हा मोठा भाग असतो. वनस्पती पाणी आणि हवेतून घेतलेलं सगळं जळून गेलं, तरी जमिनीतून घेतलेलं पोटॅशियम राखेत मागे उरतं.

१८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग यांनी पिकाला खनिजांची गरज असते हे ठासून मांडलं. त्यानंतर मागणी वाढली, पण तेवढी राख आणायची कुठून? उत्तर जर्मनीत श्टासफुर्ट येथे मिळालं. तिथे मिठासाठी विहिरी आणि खाणी खोदत असताना मिठाच्या वर कडवट, रंगीत क्षारांचे थर लागले. खाणकामगार त्यांना टाकाऊ क्षार म्हणत. त्या 'टाकाऊ' थरातच पोटॅशियम होतं. १८६१ मध्ये तिथे पोटॅश उद्योग सुरू झाला आणि पुढची पन्नास वर्षं जगाचा पालाश जर्मनीच्याच हातात राहिला. पहिल्या महायुद्धात ही निर्यात थांबली तेव्हा अमेरिकेत भाव कित्येक पटींनी चढले आणि राखेपासून समुद्री शेवाळापर्यंत सगळीकडे पोटॅश शोधण्याची धावपळ झाली. एका देशावर विसंबल्याचा हा पहिला मोठा धडा होता, पण शेवटचा नव्हे.

आटलेल्या समुद्राचा तळ

पालाश इतका दुर्मीळ का? समुद्राचं पाणी आटताना क्षार ठरावीक क्रमाने बाहेर पडतात. आधी चुनखडी आणि जिप्सम, मग साधं मीठ आणि अगदी शेवटी, थोडंसंच दाट पाणी उरलेलं असताना, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. म्हणजे समुद्राचा एखादा भाग तोडला जायला हवा, तो जवळजवळ पूर्ण आटायला हवा, आणि शेवटच्या टप्प्यावर गोडं पाणी येऊन सगळं पुन्हा विरघळता कामा नये. इतक्या अटी एकदम जुळून येणं विरळाच.

सस्कॅचेवानमध्ये सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी हे घडलं. तो थर सापडला तो मात्र योगायोगाने: १९४० च्या दशकात तेलासाठी विंधनं चालू असताना. थर सपाट, जाड आणि शेकडो किलोमीटर पसरलेला. अडचण एकच. सस्काटूनच्या आसपास तो एक किलोमीटर खोल आहे आणि दक्षिणेकडे आणखी खोल जातो. मध्ये ब्लेअरमोर नावाचा पाण्याने गच्च भरलेला वाळूचा थर आहे. खालचं खनिज पाण्यात विरघळणारं आणि वर दाबाखालचं पाणी, अशी ही जागा.

पहिले प्रयत्न याच पाण्यात अडकले. सस्काटूनजवळच्या पेशन्स लेक खाणीने १९५८ मध्ये उत्पादन सुरू केलं आणि पाणी शिरल्यामुळे पुढच्याच वर्षी ती बंद करावी लागली. एस्टरहेझी येथे अभियंत्यांनी वेगळा मार्ग घेतला: विहिरीच्या भोवतीची ओली वाळू गोठवायची, त्या बर्फातून खोदत खाली जायचं आणि मग ओतीव लोखंडाच्या कड्यांचं जलरोधक अस्तर लावायचं. विहीर पूर्ण व्हायला काही वर्षं लागली, पण १९६२ मध्ये खाण सुरू झाली. पेशन्स लेक पुन्हा उभी राहिली आणि १९८७ मध्ये पुन्हा पाण्याखाली गेली; त्यानंतर तिथे आतलं खारं पाणीच उपसून पोटॅश काढायला सुरुवात झाली. पोटॅशच्या खाणीत आगीपेक्षा पाण्याची धास्ती जास्त असते ती यामुळे.

जिथे थर फारच खोल आहे तिथे माणूस खाली उतरतच नाही. बेल प्लेन येथे १९६४ पासून नळांतून पाणी खाली सोडून क्षार विरघळवतात, ते पाणी वर ओढून घेतात आणि आटवून, थंड करून पोटॅशचे स्फटिक मिळवतात.

मृत समुद्राच्या दक्षिण टोकाला तर खाणही नाही. इस्रायल आणि जॉर्डन दोघेही खारं पाणी मोठमोठ्या तलावांत सोडतात आणि बाष्पीभवनाचं काम उन्हावर सोपवतात. आधी मीठ बसतं, मग पोटॅशियम-मॅग्नेशियमचा कार्नॅलाइट नावाचा क्षार. तरंगत्या यंत्रांनी तो तळातून उपसून कारखान्यात नेतात. सदोमचा कारखाना समुद्रसपाटीच्या खूप खाली आणि रेल्वे वर डोंगरात, त्यामुळे तयार पोटॅश सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून वर चढवतात. तिथून रेल्वेने ते अश्दोद बंदराला जातं. डिमोना, बीरशेवा, अश्दोद इथे स्थायिक झालेल्या बेने इस्रायली मराठी मंडळींना हा प्रदेश नवा नाही.

मीठ आणि पोटॅश वेगळं कसं करतात?

सस्कॅचेवानच्या खाणीतून वर येतो तो सिल्व्हिनाइट हा खडक. त्यात पोटॅशियम क्लोराइडचं प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्के असतं. उरलेलं बहुतेक साधं मीठ आणि थोडी चिकणमाती. दोन्ही क्षार पाण्यात विरघळतात आणि दिसायलाही सारखेच. मग वेगळं कसं करायचं?

युक्ती अशी. खडक दळून साध्या पाण्यात न टाकता दोन्ही क्षारांनी आधीच संपृक्त असलेल्या खाऱ्या पाण्यात टाकतात. त्या पाण्यात आणखी काही विरघळायला जागाच नसते, म्हणून कण घन राहतात. आधी घोटून माती काढून टाकतात. मग अमाइन नावाचं, चरबीसारख्या पदार्थापासून बनवलेलं रसायन अगदी थोडं घालतात. ते पोटॅशच्या कणांना चिकटतं, मिठाच्या कणांना चिकटत नाही. अमाइनचं टोक पाण्यापासून दूर पळणारं असल्याने असा कण हवेचा बुडबुडा मिळताच त्याला धरून वर येतो. खालून हवा सोडली की पोटॅश फेसाबरोबर वर आणि मीठ तळाला. फेस काढून घ्यायचा, फिरत्या यंत्रात खारं पाणी निथळायचं आणि कण भट्टीत वाळवायचे.

उरलेल्या मिठाचे खाणीशेजारी टेकड्यांएवढे ढीग साठतात. पावसाचं पाणी त्यातून झिरपून भूजल खारट होऊ नये म्हणून त्याभोवती बांध घालावे लागतात. या उद्योगाचा पर्यावरणावरचा सगळ्यात मोठा भार हाच आहे.

पिठाचा दाणा

वाळवलेला माल चाळला की त्यात सगळ्या आकारांचे कण निघतात. मोठे थोडे, बारीक फार. बारीक कण घट्ट दाबून मोठे करतात. भट्टीतून आलेलं गरम पोटॅश एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन जाड रुळांच्या मधून प्रचंड दाबाखाली काढतात. उसाच्या चरकासारखीच रचना, फक्त इथे रस निघत नाही, तर सुटी पूड दबून सलग कडक पट्टी बाहेर येते. कुठलाही डिंक लागत नाही. गरम असताना पोटॅशियम क्लोराइडचे स्फटिक थोडे मऊ वागतात आणि दाबाने एकमेकांत रुततात.

ही पट्टी फोडतात आणि चाळतात. साधारण २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे ठेवायचे, मोठे पुन्हा फोडायचे, बारीक पुन्हा रुळांकडे पाठवायचे. एका फेरीत बराच माल परत जातो, म्हणून दाणेदार पोटॅशला वीज आणि यंत्रं दोन्ही जास्त लागतात. फोडलेल्या दाण्याच्या कडा धारदार असतात. त्या वाटेत झिजून धूळ होते. म्हणून दाण्यांना किंचित ओल देऊन पुन्हा वाळवतात; पृष्ठभाग थोडा विरघळून परत घट्ट होतो आणि कडा बोथट होतात. शेवटी धूळ बसावी आणि गठ्ठे होऊ नयेत म्हणून तेलाचा आणि अमाइनचा पातळ हात फिरवतात.

एवढा खटाटोप कशासाठी? चिवड्याचा डबा आठवा. चार दिवस हलवाहलव झाली की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर, आणि मीठ-मसाला तळाला. वेगवेगळ्या आकाराचे कण एकत्र हलले की बारीक खाली सरकतात. अमेरिका, कॅनडा, ब्राझील इथे युरिया, फॉस्फेट आणि पोटॅश कोरडेच मिसळून यंत्राने शेतात फेकतात. पोटॅश बारीक असेल तर ट्रकमध्येच ते तळाला जाईल. शिवाय फेकताना हलका कण जवळ पडेल, जड दूर जाईल. शेताच्या एका पट्ट्याला पालाश जास्त, शेजारच्याला कमी. म्हणून तिन्ही खतांचे दाणे एकाच आकाराचे लागतात. व्यापारात यासाठी एक साधा अंक वापरतात: दाण्याचा मध्यम व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि शंभराने गुणायचं. २.८ मिलिमीटर म्हणजे २८०. मिसळायच्या खतांचे हे अंक जवळजवळ असले की मिश्रण टिकतं.

भारत मुख्यतः बारीक, 'स्टँडर्ड' प्रतीचं पोटॅश घेतो. त्यातलं काही शेतकरी थेट हाताने टाकतो आणि बरंच संयुक्त खतांच्या कारखान्यात जातं. तुर्भ्याच्या कारखान्यात बनणाऱ्या सुफला १५-१५-१५ मधला तिसरा पंधरा असाच येतो. तिथे पोटॅश इतर घटकांसोबत एकाच दाण्यात बांधलं जातं, त्यामुळे वेगळा होण्याचा प्रश्न उरत नाही.

दमटपणा हा मात्र दोन्ही प्रतींचा शत्रू. ३० अंश तापमानाला हवेची आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की पोटॅश हवेतलं पाणी ओढू लागतं. युरियाशी मिसळलं तर ही मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास घसरते. पावसाळ्यात युरिया आणि पोटॅश एकत्र करून ठेवू नका, टाकायच्या वेळीच मिसळा, असं जुने शेतकरी सांगतात त्यामागे हेच कारण आहे.

साठ टक्के कशाचे? लाल की पांढरं?

गोणीवर '६० टक्के' लिहिलेलं असतं. हे प्रमाण पोटॅशियमचं नाही, पोटॅशियम ऑक्साइडचं आहे, आणि गंमत म्हणजे गोणीत तो ऑक्साइड अजिबात नसतो! जुन्या काळी राखेचं विश्लेषण करताना निष्कर्ष ऑक्साइडच्या रूपात मांडत. ती रीत तशीच राहिली. ६० टक्के म्हणजे सुमारे ९५ टक्के पोटॅशियम क्लोराइड, आणि त्यात खरं पोटॅशियम साधारण ५० टक्के. उरलेलं बहुतेक क्लोरीन, क्लोराइडच्या रूपात. द्राक्ष आणि तंबाखूसारख्या पिकांना जास्त क्लोराइड मानवत नाही, म्हणून द्राक्षबागाईतदार महाग असलं तरी सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात.

लाल रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांमुळे. विरघळवून पुन्हा स्फटिक केलेलं पोटॅश पांढरं असतं. पिकासाठी दोन्ही सारखीच. लाल जास्त 'कडक' असतं हा गैरसमज आहे. ठिबकमधून द्यायचं असेल तर मात्र पांढरं, पूर्ण विरघळणारं बरं, कारण लाल गाळ नळ्या चोंदवतो.

बाजार: थोडे विकणारे, पुष्कळ घेणारे

सस्कॅचेवानचं पोटॅश दीडशेहून अधिक डब्यांच्या मालगाड्यांतून रॉकी पर्वत ओलांडून व्हँकुव्हर आणि पोर्टलंडच्या बंदरांवर येतं. उत्तर अमेरिकेबाहेरची विक्री खाण कंपन्या एकत्रितपणे, १९७० मध्ये स्थापन झालेल्या कॅनपोटेक्स या संस्थेमार्फत करतात. रशिया आणि बेलारूसचीही अशीच एकत्र विक्री चाले. जुलै २०१३ मध्ये उरालकाली या रशियन कंपनीने ती मोडली आणि भाव कोसळले. ऑगस्टमध्ये तिचे प्रमुख व्लादिस्लाव बाउमगेर्टनर बोलणी करायला मिन्स्कला गेले, तर बेलारूसने त्यांना अटकच केली. खताच्या व्यापारात एवढं राजकारण असतं.

भारत आणि चीन मोठे ग्राहक असल्याने ते वर्षाचा किंवा काही महिन्यांचा करार करतात. तो भाव जगासाठी निर्देशक ठरतो. ब्राझील दाणेदार माल खुल्या बाजारातून घेतो, म्हणून तिथला भाव आधी हलतो. २०२१ च्या सुरुवातीला भारताचा करार टनाला २४७ डॉलरचा होता. त्यानंतर बेलारूसवर निर्बंध आले, १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशला क्लैपेडा बंदराची वाट बंद केली आणि त्याच महिन्यात युक्रेनवर हल्ला झाला. भारताचा नवा करार ५९० डॉलरवर गेला आणि ब्राझीलमध्ये दाणेदार पोटॅश हजार डॉलरच्या वर विकलं गेलं. २०२३ मध्ये भारताचा भाव ४२२ डॉलरवर उतरला. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर आयात कर लावला, तेव्हा काही दिवसांतच पोटॅशपुरता तो २५ वरून १० टक्क्यांवर आणावा लागला. अमेरिकेचा बहुतेक पालाश कॅनडातूनच येतो, हे मक्याच्या शेतकऱ्यांनी वॉशिंग्टनला चांगलंच जाणवून दिलं होतं.

गोणीच्या भावाने जमिनीचं काय होतं?

२०२२ मध्ये भारतात ५० किलोची पोटॅशची गोणी १,७०० रुपयांपर्यंत गेली. युरियाची ४५ किलोची गोणी त्याच वेळी २६६ रुपये ५० पैशांना मिळत होती, कारण युरियाचा भाव सरकार ठरवतं आणि पालाश-स्फुरदाचे भाव २०१० पासून बाजारावर सोडलेले आहेत. त्यांना फक्त ठरावीक अनुदान मिळतं. शेतकरी काय करणार? २०२०-२१ मध्ये ४२ लाख टनांच्या आसपास असलेली आयात २०२२-२३ मध्ये १९ लाख टनांच्या आसपास आली.

पिकाने त्या वर्षी संप केला नाही. पालाशाचं दुखणं असंच असतं. नत्र कमी पडलं की पीक पिवळं पडतं, सगळ्यांना दिसतं. पोटॅशियम झाडाच्या कुठल्याही अवयवाचा भाग होत नाही. ते पेशीरसात राहून पानांची छिद्रं उघडझाप करतं, पानात तयार झालेली साखर फळात, कांडीत पोचवतं. कमी पडलं तर आधी फक्त पाण्याचा ताण जास्त जाणवतो, दाणा हलका भरतो, ऊस लोळतो. जुन्या पानांच्या कडा करपलेल्या दिसेपर्यंत उत्पन्न घटलेलं असतं.

महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत पालाश मुळात भरपूर, म्हणून 'आपल्याकडे पोटॅशची गरज नाही' हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू आलं. पण शंभर टन ऊस जमिनीतून दोनशे किलोहून अधिक पालाश उचलतो आणि केळी तर त्याहून हावरी. देणं थांबलं आणि घेणं चालू राहिलं की जमिनीची ठेव संपत जाते. मग एक दिवस माती परीक्षणाच्या कागदावर 'पालाश: कमी' असं येतं.

यावर उपाय आहेत, पण लहान-लहान. राजस्थानात नागौर-गंगानगर खोऱ्यात खोलवर क्षारांचे थर आहेत. त्यातून अजून उत्पादन होत नाही. साखर कारखान्यांकडे मात्र पालाश आजच आहे. उसाने शोषलेला बराच पालाश मळीत उतरतो, मळीतून आसवनीच्या सांडपाण्यात आणि ते सांडपाणी बॉयलरमध्ये जाळलं की राखेत. ही राख दाणेदार करून १४.५ टक्के पालाशाचं खत म्हणून विकतात आणि २०२१ पासून तिला केंद्राचं अनुदानही मिळतं. साठ टक्क्यांच्या गोणीपुढे ही हलकी आणि तिने आयात थांबणार नाही. पण ज्या शेतातून पालाश निघाला त्याच तालुक्यात तो परत जातो, डॉलर लागत नाहीत, आणि सांडपाणी नदीत जात नाही. उसाचं पाचट न जाळता सरीत कुजवलं तरी त्यातला पालाश जागच्या जागी राहतो आणि त्यासोबतचा नत्रही वाचतो.

गावी शेती असेल आणि परदेशातून फोनवर सल्ला द्यायचाच असेल, तर सगळ्यात उपयोगी सल्ला साधा आहे: खत घेण्याआधी माती तपासून घ्या. पालाश भरपूर निघाला तर महागड्या गोणीचे पैसे वाचतील, आणि कमी निघाला तर तो युरियाने भरून निघणार नाही, हे कागदावर दिसेल.